दादांचा पेला

परवा नातीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस दिली. विषाणूमुळे कर्करोग होतो हे ऐकून तिला नवल वाटलं. मला मात्र दादा आठवले.

माझे थोरले बंधू अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या आजारपणात भेटायला आलेलं कुणीतरी "हा रोग विषाणूने होतो म्हणे" असं बोलून गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दादांचं ताट नि पेला वेगळा झाला. डॉक्टर सांगत होते की हा रोग उष्ट्यातून लागत नाही. पण घरात ऐकतो कोण! दादा काही बोलले नाहीत. पेल्याकडे बघून पाणी प्यायले, एवढंच.

मी इतिहासाचा मास्तर, विज्ञानाशी संबंध बेताचा. पण हा संशय आला कुठून, ते शोधत बसलो.

मूळ जुनं आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीची गाठ वाटली, बारीक गाळणीतून गाळली आणि तो पेशीविरहित रस दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. फार कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी!

अन्ननलिकेपर्यंत गोष्ट आणली ती गुरांनी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गुरांना अन्ननलिकेचे कर्करोग होत. ग्लासगोचे पशुवैद्य विल्यम जॅरेट यांनी १९७८ मध्ये दाखवलं की या गुरांच्या घशात आधी पॅपिलोमा विषाणूमुळे चामखिळी येतात. पण नुसत्या चामखिळी आपोआप जिरतात. जी गुरं माळावरचा नेचा खात, त्यांच्याच चामखिळींचा पुढे कर्करोग होई. म्हणजे विषाणू एकटा नव्हे, त्याला विषारी चाऱ्याची जोड. मला हा भाग फार आवडला. आपल्याकडे एकाच गुन्हेगाराला पकडून मोकळं व्हायची सवय असते.

मग १९८२ मध्ये फिनलंडच्या कारी स्यूर्यानेन यांना माणसाच्या अन्ननलिकेच्या गाठीत तशाच चामखिळीच्या खुणा दिसल्या. पुढच्याच वर्षी हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या गाठीत एचपीव्ही १६ शोधला (नोबेल २००८), आणि सगळे अन्ननलिकेत तोच शोधू लागले. चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियानमध्ये तर हा रोग इतका, की तिथल्या कोंबड्यांनाही होई. तिथल्या काही नमुन्यांत विषाणू सापडला, काहींत नाही. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेना.

२०१७ मध्ये अन्ननलिकेच्या १६४ गाठींची जनुकं तपासून झालेलं मोठं संशोधन छापून आलं. त्यात एचपीव्ही हे कारण असल्याचा पुरावा मिळाला नाही. तंबाखू, दारू, फार कढत पेयं यांच्यावरचा आरोप मात्र भक्कम आहे. दादा तंबाखू खात, आणि चहा चुलीवरून उतरवल्या उतरवल्या घेत. आम्ही सगळे कौतुकाने सांगायचो, दादांना कोमट चहा चालत नाही म्हणून.

हे सगळं वाचून झाल्यावर वहिनींना फोन केला. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. सांगावं की नाही, घुटमळलो, मग सांगितलंच. बराच वेळ त्या गप्प होत्या. "भाऊजी, तो पेला मीच वेगळा काढला होता हो," म्हणाल्या. मग माझ्या गुडघ्याची चौकशी केली.