नदीतले सोने शोधणाऱ्यांची नजर

परभणी जिल्ह्यातल्या गोदावरीने डोंगरातले सोने कधी वाहून आणलेले नाही. त्र्यंबकेश्वरला उगम पावल्यापासून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम ओलांडेपर्यंत ही नदी काळ्या पाषाणावरूनच वाहते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांचा हा बेसाल्ट. सोन्याच्या शिरा ज्या अतिप्राचीन खडकांत सापडतात ते खडक याच्या पोटात खोल गाडले गेले आहेत. पुढे नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडतो, तोवर परभणी मागे राहिलेली असते. तरीही गोदाकाठी वाळू धुऊन सोने शोधणारी माणसे होऊन गेली, आणि त्यांच्या हाती सोने लागलेही. त्यांच्याकडे जी नजर होती, तिचे कूळ फार जुने आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याचे प्रकार सांगताना जांबूनद हा पहिला येतो. जांबूनद म्हणजे जंबू नदीचे सोने. महाभारताच्या सभापर्वात शैलोदा नदीकाठचे लोक युधिष्ठिराला मुंग्यांनी वर काढलेले सोने भेट देतात. हेरोडोटसनेही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात भारताच्या उत्तरेकडच्या सोने उकरणाऱ्या मुंग्यांची कथा लिहून ठेवली आहे. काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिसमध्ये मेंढीचे कातडे प्रवाहात अंथरत. लोकरीत सोन्याचे कण अडकत. या गोष्टी वेगवेगळ्या मुलखांतल्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच अनुभव आहे: सोने आधी माणसाला खाणीत नाही, वाळूत भेटले.

वाळूत ते कुठेही भेटत नाही. सोने पाण्याच्या 19.3 पट जड, वाळूतली गार जेमतेम 2.65 पट. पुराच्या जोरात दोन्ही वाहतात, पण जोर ओसरू लागला की सोने सगळ्यांच्या आधी खाली बसते. म्हणून जाणता माणूस नदीचा वेग कुठे मोडतो ते आधी पाहतो. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला धडकते आणि आतल्या बाजूला वाळूचा दांडा टाकते. त्या दांड्याच्या वरच्या टोकाला तो धुऊन बघतो. मोठ्या धोंड्याची पाठ, म्हणजे खालच्या अंगाची सावली, तो सोडत नाही. अरुंद घळीतून नदी एकदम रुंद होते ती जागा, दोन प्रवाहांचा संगम, आणि सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणजे तळच्या खडकातल्या प्रवाहाला आडव्या गेलेल्या भेगा. वरची चार हात वाळू व्यर्थ जाईल, पण भेगेतला मूठभर गाळ खरवडून काढायचा. मग तो लाकडी थाळीत पाण्याखाली घोळवायचा, सुपात धान्य पाखडावे तसा. हलके पाण्याबरोबर जाते, जड तळाशी राहते.

थाळीच्या तळाशी शेवटी काळी वाळू उरते. ती मुख्यतः मॅग्नेटाइटची, पाण्याच्या पाचपट जड. सोने तिच्या सोबतीने बसते, म्हणून जगभरचे शोधक काळ्या वाळूचा पट्टा दिसला की थांबतात. परभणीत मात्र ही खूण फसवते. बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट भरपूर असल्याने गोदावरीच्या वाळूत काळे पट्टे जागोजागी उमटतात, आणि त्यांत लोहचुंबकाला चिकटणाऱ्या कणांखेरीज काही नसते. परमुलखातली खूण आपल्या नदीला लावण्यापूर्वी आपला खडक ओळखावा लागतो.

मराठी मुलखाच्या पूर्व टोकाला मात्र डोंगराचे खरे सोने धुणारे लोक होते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात सोनझरांची नोंद आहे. मंडला, बालाघाट भागात नदीनाल्यांची वाळू धुऊन सोने काढणारी ही लहानशी जमात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘सोनझारी झरेका’ हे नाव आजही आहे. पुढे भूवैज्ञानिकांनी नागपूर-भंडारा पट्ट्यात परसोडी, किटाडी येथे सोन्याचे अंश नोंदवले. त्यांची रीतही नदीतूनच वर जाण्याची: ओढ्याओढ्याच्या मुखाशी गाळ तपासायचा, कण सापडत राहतील तोवर वर सरकायचे, आणि जिथे ते बंद होतात त्याच्या अलीकडच्या डोंगरात शीर शोधायची. 1848 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात अमेरिकन नदीवरच्या लाकूड-गिरणीच्या पाटात सोने दिसले, त्यानंतर हजारो लोक हेच करत डोंगरात चढले.

परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि त्याच राज्यात रायचूरकडे हट्टीच्या सोन्याच्या खाणी होत्या. तिथे प्राचीन काळीच माणसे शेकडो फूट खाली उतरली होती. जवळच्या मस्कीला 1915 मध्ये सी. बीडन या सोने शोधणाऱ्या अभियंत्याला अशोकाचा शिलालेख सापडला, ज्यात सम्राटाचे नाव ‘अशोक’ असे स्पष्ट कोरलेले आहे. सोने शोधताना सापडलेल्या गोष्टींत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

आता गोदाकाठाकडे येऊ. इथले सोने माणसांनी नदीला दिलेले आहे. मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवण्याची रीत घरोघरी होती. सोने 1064 अंशांना वितळते, पण जळून नाहीसे होत नाही. राख सावडताना निसटलेला मणी अस्थींबरोबर नदीत जातो. संत जनाबाईंचे गंगाखेड दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते, आणि अस्थिविसर्जनासाठी लोक तिथे दुरून येतात. त्र्यंबक-नाशिकपासून अशा प्रत्येक घाटाखाली वाळू धुण्यासारखी असते.

ती धुणारे झारेकरी. सराफ कट्ट्यावर ते सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, फुटलेल्या मुशी आणि मोरीतला गाळ विकत घेत, धूत, आणि उरलेले बारीक कण पाऱ्याने धरत. घाटावरही त्यांचा हिशोब पूर्वेकडच्या सोनझरांसारखाच. राख सोडली ती पायरी ते पाहत नाहीत, तिच्या खालच्या अंगाला पाणी मंदावते ती जागा पाहतात. चिऱ्यांमधल्या सांधी, घाटाच्या कोपऱ्यातला भोवरा, उन्हाळ्यात उघडा पडणारा खडक. लोहचुंबक दोरीला बांधून फेकणारी पोरे पोलादी नाणी काढतात. सोने चुंबकाला दाद देत नाही, त्याला थाळीच लागते.

जायकवाडी 1976 ला पूर्ण झाले, पुढे ढालेगाव, मुदगळचे बंधारे आले. पूर आता दरवाजांच्या हुकमाने येतो. यंत्रांनी वाळू खडकापर्यंत उपसली गेली, आणि नदीने पुरागणिक रचलेले थरच नाहीसे झाले. ज्या नदीला वाळूच उरत नाही, तिथे कुठे काय बसले असेल हे कोणत्याही झारेकऱ्याला सांगता येणार नाही. वाळूचा हा उपसा थांबलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावात, सराफ गल्लीत किंवा घाटावर झारेकरीचे काम केलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा. कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, किती खोल धुवायचे, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.