हिमसह गुलाब : खुंटाकडून बीजाकडे

महाराष्ट्रातील बागवान निवडक जातीच्या गुलाबाचा डोळा रानगुलाबाच्या खुंटावर भरतो, तेव्हा फूल संस्कारित वाणाचे आणि मुळांचा काटकपणा रानाचा, असा एक जुना व्यवहार तो करीत असतो. खुंटाची फूट वेळोवेळी काढली म्हणजे आपल्या हवामानात हा व्यवहार सुरळीत चालतो. कडक हिमाच्या प्रदेशात मात्र तो अनेकदा फसतो. तेथे हिवाळ्यात डोळा व त्यावरचा सारा भाग गोठून मरतो आणि वसंतात केवळ खुंट फुटतो. रानाचे हे काटकपण मुळाशी न ठेवता बीजातच कसे उतरविले गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यूरोपातील जुने गुलाब बहुधा वर्षातून एकदाच फुलत, परंतु थंडीला ते सहसा दबत नसत. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी चीनमधील गुलाब तेथे पोहोचले आणि त्यांच्यामुळे पुनःपुन्हा बहरण्याचा गुण संकरांत आला. इ. स. १८६७ मध्ये फ्रान्समधील गीयो यांनी प्रसृत केलेला ‘ला फ्रान्स’ हा संकरित टी गुलाबांचा आरंभ मानला जातो. या वर्गाने बागा जिंकल्या खऱ्या. परंतु बहराचा काळ वाढला तसा नाजूकपणाही वाढला.

या नाजूकपणावरचा उतारा मिळाला तो आशियाच्या ईशान्य किनाऱ्यावर. जपानमध्ये ‘हामानासु’ म्हणून ओळखले जाणारे हे काटेरी झुडूप जपान, कोरिया व कामचाट्का येथील वाळवंटी किनाऱ्यांवर खाऱ्या वाऱ्यात वाढते. लिनीअसचा शिष्य थुनबर्ग याने इ. स. १७८४ मध्ये सुरकुतलेल्या पानांवरून त्यास ‘रोझा रुगोसा’ हे नाव दिले. इ. स. १७९६ मध्ये ते इंग्लंडात आले. परंतु संकरकारांचे लक्ष त्याकडे खऱ्या अर्थाने वळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इ. स. १८९२ चा ‘ब्लॉं दूब्ल द कूबेर’ हा त्या काळातील प्रसिद्ध वाण होय.

तथापि वाटेत एक मूलभूत अडसर होता. रुगोसाच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, तर बागेतील बहुतेक संकरित गुलाबांत २८. दोहोंच्या संकरातून बहुधा २१ गुणसूत्रांची संतती होते. ती वांझ अथवा वांझप्राय असल्याने वंश पुढे सरकत नाही. काटकपण एका पिढीत येई आणि तेथेच थांबे.

हा अडसर दूर झाला तो काहीशा योगायोगाने. इ. स. १९१९ मध्ये अमेरिकेत प्रसृत झालेला ‘मॅक्स ग्राफ’ हा रुगोसा व रोझा विचुराना यांचा संकर समजला जातो. तोही जवळजवळ वांझच होता. जर्मनीतील विल्हेल्म कोर्डेस यांना मात्र त्याच्या बीजापासून एक असे रोप मिळाले की ज्याची गुणसूत्रे आपोआप दुप्पट, म्हणजे २८, झालेली होती. ‘रोझा कोर्डेसी’ या नावाने ओळखले गेलेले हे रोप प्रजननक्षम असून बागेतील गुलाबांशी सहज संकरित होऊ शकत होते. रुगोसाचे रक्त त्या द्वारे प्रथमच मोकळेपणाने वाहू लागले.

या साधनाचा पद्धतशीर उपयोग कॅनडाने केला. ओटावा येथील मध्यवर्ती प्रायोगिक क्षेत्रावर फेलिसितास स्वेय्दा यांनी इ. स. १९६१ पासून रुगोसा व कोर्डेसी यांच्या आधारे संकरकार्य चालविले. रोपांना हिवाळ्यात कोणतेही आच्छादन न देता जी तगली ती निवडावयाची, अशी त्यांची कसोटी होती. देशाच्या जुन्या शोधप्रवाशांची नावे या वाणांना देण्यात आली. ‘मार्टिन फ्रोबिशर’ इ. स. १९६८ मध्ये, तर कोर्डेसीच्या वंशातील ‘विल्यम बॅफिन’ इ. स. १९८३ मध्ये प्रसृत झाला. हे गुलाब छाट कलमापासून स्वतःच्या मुळांवर वाढविता येतात. शेंडा गोठला तरी जमिनीतून जे फुटते ते खुंटाचे नसून त्याच वाणाचे असते. आरंभी सांगितलेली अडचण अशा रीतीने मुळातच नाहीशी झाली.

या इतिहासास दुसरीही एक बाजू आहे आणि ती वगळल्यास निष्कर्ष एकांगी ठरेल. ज्या गुणासाठी रुगोसाचा स्वीकार झाला, त्याच गुणाच्या बळावर तो बागेबाहेर पडला. उत्तर समुद्र व बाल्टिक यांच्या किनाऱ्यांवरील वाळूच्या टेकड्यांवर त्याच्या दाट जाळ्या माजल्या आणि तेथील मूळच्या वनस्पती मागे रेटल्या गेल्या. फिनलंडने इ. स. २०२२ पासून या मूळ जातीच्या लागवडीस बंदी घातली. काटकपण हा स्वयमेव गुण नव्हे, तो स्थलसापेक्ष आहे, हेच यावरून दिसून येते. ओटावाच्या बर्फात जो गुण वरदान ठरला, तोच डेन्मार्कच्या वाळूत उपद्रव ठरला. रानाकडून गुण उसना घेताना त्या रानाच्या सीमाही ध्यानी घ्याव्या लागतात, हाच या दोन शतकांच्या अनुभवाचा इत्यर्थ होय.