जैसलमेरची सहल आणि पाण्याचा हिशोब



आमच्या असोद्याहून आणि आसपासच्या गावांतून निवृत्त मंडळी सहलीला निघाली, की बहुधा काशी, रामेश्वर नाहीतर चारधाम ठरलेले असते. त्यामुळे आम्ही पंधरा-सोळा जण जैसलमेरला निघालो तेव्हा गल्लीतल्या एका काकूंनी सौ.ला विचारलेच, "तठे देव कोणता शे?" देवळे तिथे पुष्कळ आहेत, पण आम्ही निघालो होतो वाळवंट बघायला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो अशा जिल्ह्यातली माणसे हौसेने वाळवंटात जातात, याचे मलाही हसू आले होते. पण थंडीचे दिवस होते. जळगाव, सुरत, अहमदाबाद, जोधपूर असे टप्पे घेत आम्ही जैसलमेरला पोचलो.

जैसलमेरला काय काय पाहावे याची यादी कोणत्याही पुस्तकात मिळते. किल्ला, पटव्यांच्या हवेल्या, गडीसर तलाव, बडा बागेतल्या छत्र्या, चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट आणि रात्री तंबूत कालबेलिया नाच. आम्ही ते सगळे केले. केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी मन लावून खाल्ली. (भरीत मात्र आपल्याकडचेच, हे सर्वानुमते ठरले!) पण चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे माझी एक खोड आहे. देखणी वास्तू दिसली की मनात येते, इथली माणसे जगत कशी होती? जैसलमेरला या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे एकच मिळत गेले, ते म्हणजे पाणी. म्हणून आज सहलीचे वर्णन थोडे आणि पाण्याचा इतिहास जास्त, असा हा लेख आहे.

रावल जैसल या भाटी राजाने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हे शहर वसवले. वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस. आपल्या जळगाव जिल्ह्यात त्याच्या तिपटीहून अधिक पडतो, तरी आपण दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ म्हणून कपाळाला हात लावतो. मग अशा जागी राजधानी का? कारण व्यापार. सिंध, मुलतान आणि त्यापलीकडच्या मुलखातून गुजरात-माळव्याकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. रेशीम, सुकामेवा, अफू, नीळ असा माल जाई-येई आणि त्यावर जकात मिळे. ज्याच्या हातात पाणी, त्याच्या हातात वाट, असा तिथला साधा हिशोब होता.

हेच पाणी तिथले संरक्षणही होते. शेरशहाकडून हरलेला हुमायून १५४२ मध्ये या भागातून भटकत गेला, तेव्हा जैसलमेरच्या रावलने वाटेतल्या विहिरी बुजवल्याची हकीकत मोगलांच्या बखरकारांनी लिहून ठेवली आहे. बादशहाची माणसे तहानेने तडफडली. त्याच वर्षी पुढे उमरकोटला अकबराचा जन्म झाला.

आता मराठी वाचकाच्या मनात येणारा प्रश्न. अटकेपर्यंत गेलेले आपले घोडे जैसलमेरला का गेले नाहीत? जयपूर, जोधपूर, उदयपूर, कोटा, बुंदी या सगळ्यांनी मराठ्यांना खंडणी दिली. वाळवंटाच्या उंबरठ्यापर्यंत तर आपण नक्की गेलो होतो. जोधपूरच्या गादीच्या भांडणात पडून जयाप्पा शिंद्यांनी नागौरला वेढा घातला आणि तिथेच, नागौरजवळच्या ताऊसर येथे, जुलै १७५५ मध्ये त्यांचा दग्याने खून झाला. त्यांची छत्री तिथे आहे. त्यांचे धाकटे भाऊ दत्ताजी यांनी वेढा उठवला नाही, आणि शेवटी अजमेर मराठ्यांच्या पदरात पडले. पुढे १७९० मध्ये महादजींच्या फौजेने पाटण आणि मेडता इथे राठोडांचा पराभव केला. पण तिथून पश्चिमेला जैसलमेर राहिलेच.

याचे कारण भाट्यांचे शौर्य म्हणा, पण माझ्या मते त्याहून मोठे कारण घोड्यांची तहान हे होते. मराठी फौजेचे सारे बळ घोडदळात. ते चारा-पाणी मुलखातूनच मिळवत पुढे सरकणार. मेडत्याच्या पुढे दिवसच्या दिवस ना दाणा ना पाणी, आणि इतके करून हाती लागणारी खंडणी ती केवढी? फायद्या-तोट्याचा विचार करणारा कोणताही सेनापती तिथूनच परत फिरला असता. १२ डिसेंबर १८१८ रोजी महारावल मूलराज यांनी इंग्रजांशी तह केला, तोपर्यंत जैसलमेर मराठ्यांचे अंकित नव्हते. १८१८ हे साल ऐकले की आपले कान टवकारतात. त्याच वर्षी पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज आपला पहिला कलेक्टर म्हणून धुळ्याला आला. एकाच वर्षात एकाच सत्तेखाली आलेल्या या दोन मुलखांचे नशीब मात्र पुढे उलट्या दिशांना गेले.

ते कसे, हे पटव्यांच्या हवेलीत उभे राहून कळते. गुमानचंद बाफना या व्यापाऱ्याने आपल्या पाच मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पाच हवेल्या बांधायला घेतल्या. पिवळ्या दगडावरचे कोरीवकाम पाहून आमच्यातल्या वहिनींना लाकडाचाच भास झाला. पण हवेल्या पुऱ्या झाल्या आणि व्यापार ओसरू लागला. मुंबई बंदर वाढले, माल आगबोटीने आणि नंतर आगगाडीने जाऊ लागला, उंटाच्या तांड्यांची गरजच संपली. नेमका हाच काळ आपल्या भरभराटीचा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात खानदेशातून लोहमार्ग गेला आणि जळगाव हे खेडे कापसाची पेठ झाले. ज्या मुंबईने आणि ज्या रेल्वेने जळगाव उभे केले, त्यांनीच जैसलमेर ओस पाडले. पुढे १९४७ च्या फाळणीने सिंधची वाटही कायमची बंद झाली.

मग त्या वाळवंटातली माणसे गेली कुठे? मित्रहो, ती आपल्याकडेच आली. खानदेशातले असे गाव दाखवा जिथे मारवाडी दुकान नव्हते! जैसलमेरपेक्षा जोधपूर, नागौर, पाली या बाजूची मंडळी जास्त, पण कारण सारखेच, दुष्काळ आणि बुडता व्यापार. लोटा आणि दोर घेऊन आलेला माणूस म्हणून आपण त्यांची चेष्टा केली, सावकारीचा रागही केला, आणि तो राग सगळाच खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण तो लोटा आणि दोर वाळवंटातल्या खोल विहिरीसाठी होता, हे मला तिथल्या विहिरी बघेपर्यंत इतके स्वच्छ कळले नव्हते. जैन इरिगेशनचे भवरलाल जैन यांचे वाडवडील असेच जोधपूरकडच्या अगोलाई गावातून पाण्याच्या शोधात अजिंठ्याच्या पायथ्याशी वाकोदला आले. त्यांच्याच नातवाने पुढे आपल्या केळीच्या बागांना थेंबाथेंबाने पाणी द्यायला शिकवले. उलट दिशेचा एक प्रवासही सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील २००४ मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या आणि तिथूनच २००७ मध्ये राष्ट्रपती भवनात गेल्या.

असो. वाळवंटातले लोक पाणी साठवत कसे, ते आता थोडे सविस्तर सांगतो, कारण सहलीत हेच मला सर्वांत मोलाचे वाटले. शहराचे पाणी गडीसर तलावात. चौदाव्या शतकात महारावल गडसी यांनी तो बांधून काढला आणि कित्येक शतके अख्खे शहर त्यावर जगले. पावसाचे पाणी ज्या उतारावरून तलावात येते, त्या उतारावर घाण करायची नाही, हा दंडक होता. खेड्यात शेतीसाठी खडीन. खडकाळ उताराच्या पायथ्याशी लांबलचक मातीचा बांध घालायचा, उतारावरचे सगळे पाणी तिथे अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी द्यायचे कामच नाही. ही विद्या पालीवाल ब्राह्मणांची. त्यांची ओसाड गावे, कुलधरा वगैरे, आज प्रवाशांना भुताटकीची म्हणून दाखवतात. दिवाण सालिमसिंगाची एका मुलीवर वाईट नजर पडली आणि चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठून गेली, ही कथा आमच्या गाईडने रंगवून सांगितली. कर्नल टॉडने मात्र सालिमसिंगाच्या लुटारू करवसुलीवर बोट ठेवले आहे. त्याच्या जोडीला घटते पाणीही असणार. गावे एका रात्रीत उठत नसतात. आधी विहीर खोल जाते, मग कर्ज वाढते, मग एकेक घर बंद होते. हे समजायला आपल्याला कुलधऱ्याला जायची गरज नाही.

तिसरी युक्ती कुंईची. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. पावसाची ओल त्या थरावर अडकून राहते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. माणूस आत उतरून जेमतेम हालचाल करू शकेल एवढी अरुंद विहीर खणून ती ओल थेंबाथेंबाने गोळा करायची. या पाण्याला तिथे 'रेजाणी' म्हणतात. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात हे सारे फार सुंदर लिहिले आहे. मिश्रजींचा जन्म आपल्या वर्ध्याचा, हे मुद्दाम सांगतो.

हे ऐकताना मला सारखी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीची आठवण येत होती. पांझरा, मोसम या नद्यांवर लहान बंधारे, त्यातून निघणारे पाट, गावाच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कोणा एकाचे नव्हते, गावाचे होते. शेकडो वर्षे हे चालले. पुढे धरणे झाली, विहिरी आणि बोअर वाढले, ज्याचा त्याचा पंप झाला आणि बरेच फड मोडले. आज आपल्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीसाठी किती खोल जावे लागते, ते तिथल्या शेतकऱ्यालाच विचारा.

जैसलमेरचे पुढे काय झाले, तेही याच चालीने. १९५८ मध्ये सुरू झालेला राजस्थान कालवा, म्हणजे आजचा इंदिरा गांधी कालवा, १९८० च्या दशकाच्या अखेरीस जैसलमेर जिल्ह्यात पोचला. नळ आले. बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले, आणि हे फार चांगले झाले, यात वादच नाही. त्याच सुमारास प्रवासीही वाढले. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या 'सोनार केल्ला'ने बंगाली लोकांना या किल्ल्याचे वेड लावले होते, मग परदेशी लोक आले. किल्ल्यात आजही काही हजार लोक राहतात, जुन्या घरांची हॉटेले झाली आहेत. ज्या किल्ल्यात मोजून-मापून पाणी वापरत, तिथे आता न्हाणीघरे आणि नळ. जुन्या गटारांना ते पाणी पेलत नाही, ते पायात मुरते, आणि टेकडीचा पाया चिकणमाती व ठिसूळ खडकाचा. बुरूज खचले, भिंती ढासळल्या. १९९६ मध्ये जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव गेले. २०१३ मध्ये तो जागतिक वारसा ठरला, डागडुजीही झाली, पण पाणी मुरायचे संकट टळलेले नाही. साडेआठशे वर्षे तहान सोसून उभा राहिलेला किल्ला सांडपाण्याने खचावा, याला काय म्हणावे?

किल्ल्यात एका म्हातारबाबांशी बोललो. त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. "किल्ला वाचवायला तुम्ही खाली राहायला जाल का?" असे मी हिंदीत विचारले. ते म्हणाले, "मास्टरजी, आम्ही खाली गेलो तर इथे राहील ते फक्त हॉटेल." मला त्यावर उत्तर सुचले नाही. माणसे राहिली तर किल्ला झिजतो आणि माणसे गेली तर किल्ला नुसता देखावा उरतो. २०२५ मध्ये आपल्या साल्हेरसह बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशात झाली, तेव्हा पेढे वाटताना हा प्रश्न मनात ठेवला पाहिजे. प्रवासी वाढणार, हॉटेले होणार. आपल्या गडांवरची कोरीव टाकी निदान गाळ काढून जिवंत ठेवा, एवढीच विनंती.

सहलीतले बाकीचे थोडक्यात सांगतो. आकल गावी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडले आहेत. आज जिथे खेजडीचे झाडही जपून वाढवतात, तिथे एके काळी घनदाट अरण्य होते! माळढोक काही दिसला नाही. पवनचक्क्या मात्र आमच्या साक्रीकडच्यासारख्याच डोंगर भरून दिसल्या. समच्या वाळूत सूर्यास्त पाहिला, तो शब्दांत सांगता येत नाही, आणि वाळूत जागोजाग पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या पाहिल्या, त्या मात्र सांगितल्याच पाहिजेत. तूप सांडले तर चालेल पण पाणी सांडले तर जीव जळतो, अशी म्हण ज्या मुलखात आहे, तिथे अर्ध्या भरलेल्या बाटल्या फेकणारे आपणच.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आता स्वतः शेती करतात, काही शिक्षक आहेत. त्यांना सांगणे एवढेच. मुलांची सहल नेणार असाल तर जैसलमेरला जरूर न्या, पण त्याआधी एक दिवस पांझरेच्या काठी न्या आणि एखादा जुना बंधारा दाखवा. तिथे अजून कोणी म्हातारा पाटकरी भेटला, तर त्याला मुलांशी बोलू द्या. त्याच्याजवळ जे आहे ते पुस्तकात फारसे नाही, आणि ती माणसे आता थोडीच उरली आहेत.