हातरंगी मेरिनो आणि आपली काळी मेंढी

आपल्याकडे दुकानात 'लोकर' मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिकच हातात पडतं. ओळखीच्या एका दुकानदार ताईंनी मात्र हाताने रंगवलेल्या मेरिनोची एक लडी काउंटरखाली जपून ठेवलीये. विकायची नाही, नुसती दाखवायची!

मेरिनो मूळची स्पेनची. तिथून ही मेंढी बाहेर न्यायला बंदी होती. मग राजेलोकांनीच नातेवाइकांत कळप वाटले. १७६५ला सॅक्सनी, १७८६ला फ्रान्स. १७९७ला ती ऑस्ट्रेलियात पोचली.

मला जास्त भावली ती उरुग्वेची गोष्ट. खेड्यातल्या बायकांना गावातच काम मिळावं म्हणून १९६८ला तिथे 'मानोस देल उरुग्वे' उभी राहिली. मानोस म्हणजे हात. गावोगावी बायकांच्या सहकारी संस्था. लोकर भांड्यात हाताने रंगवतात, त्यामुळे एक लडी दुसरीसारखी निघत नाही. कारखान्यात हा दोष धरतात, इथे त्याचेच पैसे मिळतात.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बरीचशी काळी. काळ्यावर कसला रंग चढणार? तिची घोंगडी व्हायची. आता घोंगडीला गिऱ्हाईक घटलं, कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. दूध, साखरेचा सहकार उभा करणाऱ्या महाराष्ट्रात ही गत! तुमच्या भागात कुणी लोकर विकत घेतं का? असेल तर भाव काय देतात, तेही लिहा.