हरलेला डाव आणि एक इंजिनियर

परवा रात्री दीड वाजेपर्यंत ऑनलाइन बुद्धिबळ खेळत बसलो होतो. ओळीने सात डाव हरलो. दर वेळी 'बस्स, आता शेवटचा' म्हणायचं आणि आधीपेक्षा जास्त चिडून, जास्त घाईत हरायचं. दोन महिन्यांत कमावलेलं रेटिंग एका रात्रीत मातीत. सकाळी मीटिंगमध्ये बॉस काहीतरी विचारतोय आणि माझ्या डोक्यात फुकट गेलेला घोडा! :-)

अशा वेळी मला मिखाईल बॉटविनिक आठवतो. एक तर हा आपल्या जातकुळीतला, म्हणजे इंजिनियर. सोव्हिएत संघातला विद्युत अभियंता, डॉक्टरेटवाला. १९४८ साली जगज्जेता झाला. पण मला त्याचं जिंकणं नाही, हरणं जास्त शिकवून जातं.

१९६० साली मॉस्कोत त्याच्यासमोर रिगाचा मिखाईल ताल बसला. वय वर्षं २३. बॉटविनिक ४८ चा. सहाव्या डावात तालने सरळ घोड्याचा बळी दिला. प्रेक्षकांत एवढा गोंधळ उडाला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. नंतर विश्लेषकांनी त्या बळीत खोट काढली म्हणे, पण घड्याळ चालू असताना ती शोधणार कोण? बॉटविनिक तो डाव हरला. सतराव्या डावात तर चांगली स्थिती हातात असताना, वेळ संपत आल्यावर ३९ व्या चालीला त्याने घोडचूक केली. सामना १२.५-८.५ असा गेला.

गंमत म्हणजे वेळेच्या टंचाईवरचा उपाय त्यानेच कित्येक वर्षं आधी लिहून ठेवला होता: सरावाचे डाव खेळा, निकालाकडे बघू नका, फक्त घड्याळ सांभाळायची सवय लावा. सिगरेटच्या धुराचा त्रास व्हायचा, तर सरावाला बसलेल्या मित्राला तोंडावर धूर सोडायला लावायचा! म्हणजे चिडचीड होणार हे गृहीतच. ती दाबण्यापेक्षा ती नेमकी कशाने होते ते हुडकायचं आणि त्याचा वेगळा सराव करायचा.

तेव्हाच्या नियमानुसार हरलेल्या जगज्जेत्याला परतीचा सामना मिळायचा. १९५७ साली स्मिस्लॉवकडून हरल्यावर १९५८ मध्ये बॉटविनिकने किताब असाच परत आणला होता. आताही तो तालचे आणि स्वतःचे डाव घेऊन बसला. निष्कर्ष साधाच होता. तालशी मारामारीत पडायचं नाही. वजिरावजिरी करून घ्यायची, शांत स्थितीत जायचं, डाव अंत्यपर्वाकडे न्यायचा. १९६१ साली त्याने सामना १३-८ असा जिंकला. दहा विजय, सहा बरोबऱ्या आणि पाच पराभव. हो, जिंकलेल्या सामन्यातही पाच वेळा हरलाच!

आता ही नुसती जिद्दीची गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. तालला मूत्रपिंडाचा विकार होता आणि १९६१ मध्ये त्याची तब्येत ठीक नव्हती. शिवाय परतीच्या सामन्याची सोय नसती, तर ही गोष्ट घडलीच नसती. १९६३ साली पेट्रोसियनने हरवलं तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती. मग बॉटविनिकने किताबाचा नाद सोडला. पुढे तो बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिण्यात रमला आणि मुलांना शिकवत राहिला. त्याच्या हाताखालून गेलेल्यांत कार्पोव, कास्पारोव आणि क्रामनिक आहेत. डाव कधी सोडायचा, हेही त्याला कळत होतं.

असो. आपल्यासमोर काही ताल बसलेला नसतो, आणि 'पुन्हा खेळा' हे बटन मात्र रात्रभर हजर असतं. म्हणजे परतीचा सामना आपल्याला हवा तेवढ्या वेळा फुकट मिळतो. बॉटविनिकला त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं, आणि त्या वर्षात त्याने अभ्यास केला. मी दहा सेकंदसुद्धा थांबलो नाही.

काल ते सातही डाव उघडून बघितले. पाच डावांत मी हरलो तेव्हा घड्याळात तीन मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक होता. म्हणजे मला समोरच्याने नाही, माझ्या घाईने हरवलं. हे बघूनही चिडायला झालंच, खोटं कशाला बोलू. पण या खेपेला निदान कशावर चिडायचं ते तरी कळलं.

आजपासून एक हरलो की बटन नाही, वही. किती दिवस टिकतंय बघू. :-)