पावती म्हणजे कागद नव्हे

जुन्या तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात, ज्याला आपण सारे रेकॉर्ड रूमच म्हणतो, कधी डोकावला आहात का? उंच मांडण्या, त्यांवर कापडात बांधलेले बस्ते आणि बस्त्याला लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर मौजाचे नाव, बंदोबस्त क्रमांक आणि साल. आत काय लिहिले आहे ते चिठ्ठी सांगत नाही. "ज्या गावाच्या कागदात मोहाची झाडे आली आहेत तो काढा हो," असे कारकुनाला म्हणाल तर तो बिचारा सारे बस्ते सोडीत बसेल. क्रमांक सांगा, मग कागद हाती येतो. क्रमांक ही किल्ली आणि कागद हा पेटीतला ऐवज.

ही रीत आपल्या भागात इंग्रजी अमलात पक्की झाली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि १८६९ साली मेजर लूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल तयार केला. गावाला क्रमांक, शेताला खसरा क्रमांक, पटवाऱ्याला हलका. हेतू सारा वसूल करण्याचा होता, रयतेच्या सोयीचा नव्हे, हे सांगितले पाहिजे. पण कागद एकदा झाला की तो कोणाच्या कामी येईल याचा नेम नसतो.

जिल्ह्याचा मोठा भाग जमीनदाऱ्यांचा. अहेरी त्यांत सर्वांत मोठी. जंगल जमीनदाराचे, पण सरपण, बांबू, चराई ही गावाची वहिवाट. तिला आपण निस्तार म्हणतो. १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारजमा झाले. वहिवाट मात्र राहिली आणि तिची नोंद निस्तारपत्रकात झाली. रस्ता, पाणी, मासेमारी यांच्या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या दुसऱ्या कागदात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही हे दोन्ही कागद कलम १६१ आणि १६५ मध्ये कायम ठेवले.

आता हे सारे संगणकाशी कसे जुळते ते पाहा. शिक्षकबंधूंना विद्यार्थी हल्ली असले प्रश्न विचारतात म्हणून सांगतो. संगणकात माहिती साठवण्याची एक पद्धत आहे, तिला की-व्हॅल्यू म्हणतात. केन टॉमसन यांनी १९७९ साली 'डीबीएम' नावाची अशी व्यवस्था लिहिली. तिचे काम आपल्या दप्तरखान्यासारखेच : किल्ली द्या, ऐवज घ्या. आत काय आहे यावरून शोधा म्हणाल तर पुन्हा सारे बस्ते सोडणे आले.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. नक्कल हवी असली तर आपण अर्ज करतो, कोर्ट फी स्टॅम्प लावतो, पावती घेतो आणि धान रोवायला परत जातो. खिडकीशी आठ दिवस कोणी उभा राहत नाही. कारकूनही एकाच अर्जावर अडून बसत नाही. संगणकाचे तसेच. साठा दूर असला, मंद असला, तर मागणी करणारा कार्यक्रम आधी पावती घेतो आणि तोवर दुसरे काम करतो. अशा पावतीला 'प्रॉमिस' म्हणजे वचन हे नाव डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी १९७६ साली सुचवले. जावास्क्रिप्ट भाषेत २०१७ पासून 'अवेट' हा शब्द आहे : ऐवज हाती येईपर्यंत ही पुढची ओळ थांबव, बाकीची कामे चालू दे. नवशिके तो शब्द लिहायला विसरतात आणि पावतीलाच ऐवज समजून हिशेब करतात. हिशेब अर्थातच चुकतो.

ही चूक गावातही होते, आणि तिथे ती महाग पडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क सांगताना निस्तार हा शब्द नाव घेऊन लिहिला, जमीनदारी काळातील वहिवाटीसकट. २००८ च्या नियमांप्रमाणे दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८१० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढा आणि मर्दा ही अशा हक्काची देशातली पहिली गावे मानली जातात. अशा दाव्याच्या बैठकीत कोणी नकलेच्या अर्जाची पावती जोडून "कागद लावला" म्हणाला, तर काय लावले? वचन लावले, पुरावा नव्हे.

किल्ली चुकण्याचे प्रकार आपल्याकडे अनेक. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीच्या कागदावर जिल्हा चांदा किंवा चंद्रपूर, आणि तहसीलही आजची असेलच असे नाही. शिवाय एकाच नावापुढे माल, चक, तुकूम, रीठ लागले की मौजा निराळा. असा अर्ज गेला की "आढळत नाही" असे उत्तर येते, आणि गाव समजते की आपला कागदच नाही. कागद मुळात नसणे, किल्ली चुकणे, आणि बस्ता जीर्ण म्हणून न उघडणे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. संगणकाचा चांगला कार्यक्रम तिन्हींना निराळे उत्तर देतो. कचेरीकडूनही ते लेखी मागून घ्यावे.

तेव्हा अर्ज लिहिताना मौजाचे पूर्ण नाव, जुना जिल्हा, जुनी तहसील, बंदोबस्त क्रमांक, पटवारी हलका आणि साल घाला. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा वनहक्क समितीच्या नावाने करा. समितीने लेखी मागितल्यास अधिकाऱ्यांनी प्रमाणित प्रत द्यावी, असे नियम १२ सांगतो. पावतीवरची तारीख घरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि त्या दिवशी कोणीतरी नक्की जा. मधल्या काळात गावातल्या वृद्धांना बसवून आखर कुठे होता, बांबू कुठून आणीत, हे लिहून घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे असे लेखी म्हणणेही नियम १३ प्रमाणे पुराव्यात चालते, आणि त्याला कोणत्याही बस्त्याचा क्रमांक लागत नाही.