नाशिकचे अध्यक्ष, १९५०

पक्षांतर्गत निवडणुकीचा विषय निघाला की त्रिपुरी आणि सुभाषबाबू हमखास आठवतात. नाशिक मात्र आपण महाराष्ट्रातही विसरलो आहोत.

१९५० साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी तिघे उभे होते : पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. टंडन यांच्यामागे सरदार पटेल होते; नेहरूंचा कल कृपलानींकडे. निर्वासितांच्या प्रश्नावरील टंडन यांची भूमिका पंतप्रधानांना मुळीच मान्य नव्हती. मते पडली ती अशी : टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. म्हणजे निम्म्याहून अवघी सहा अधिक!

सप्टेंबरात नाशिकच्या अधिवेशनात टंडन अध्यक्षस्थानी बसले खरे, पण ठराव संमत झाले ते नेहरूंच्या धोरणाचे. डिसेंबरात पटेल निवर्तले आणि टंडन यांचा आधारच गेला. कृपलानींनीही पुढल्या वर्षी पक्ष सोडला.

ऑगस्ट १९५१मध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलेली. नेहरूंवाचून मते मागायची कोणाच्या नावावर? सप्टेंबरात टंडन पायउतार झाले आणि नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. वर्षापूर्वी प्रतिनिधींनी ज्या तिघांतून निवड केली होती, त्यांत त्यांचे नाव नव्हते.